मोहाच्या झाडांपुढचं शून्य

सर्वेक्षणाच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. प्रकल्प बदलले, साहेब बदलले, फॉर्म मात्र तोच राहिला: डावीकडे लोकांचं काय जाणार, उजवीकडे लोकांना काय मिळणार. आधी त्याला नुसता विकास म्हणत, मग शाश्वत विकास म्हणू लागले, अलीकडे त्याच्यापुढे जागतिकही लागलं. पायपीट तेवढीच राहिली. घुग्घुसच्या धुळीत फिरलो, सूरजागडच्या बाजूला फिरलो, आणि दोन वर्षांपूर्वी माझंच गाव माझ्या वाट्याला आलं.

मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. माझी थोरली बहीण गावातच दिलेली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. नवरा गेल्यापासून बाई मुलगा-सुनेसोबत राहते.

प्रकल्प असा होता की गावालगतचा जंगलाचा एक तुकडा कुंपण घालून काही वर्षं बंद ठेवायचा आणि झाडं वाढू द्यायची. त्या झाडांनी हवेतला जो काय धूर शोषला, त्याचे पैसे कुठल्यातरी दूरच्या देशातून गावाला येणार. त्यातून नळ, सौर दिवे, राखणदारीच्या नोकऱ्या. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. ज्यांची मोहाची झाडं त्या तुकड्यात येतील, त्यांना हंगामात फुलं वेचायला आत जाण्याचा पास मिळणार होता. कुणाला द्यायचा, ते माझ्या फॉर्मवरून ठरणार होतं.

छापलेला प्रश्न होता, ‘कुटुंबाच्या मालकीची मोहाची झाडे किती?’

आता आमच्या गावची रीत अशी की मोहाच्या झाडाला कुणी माझं म्हणत नाही. कुठल्या झाडाखाली कुणी वेचायचं हे अख्ख्या गावाला पाठ असतं, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. पण तोंडाने म्हणायचं ते एवढंच, की आम्ही तिथं वेचतो. माझं म्हटलं की झाड रुसतं, फूल कमी देतं, असं लहानपणीच कानावर पडलेलं. मी स्वतः आईच्या मागे टोपली घेऊन पहाटे जंगलात जात असे. मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी मी घरोघर छापलेला प्रश्नच वाचला. प्रशिक्षणात बजावलं होतं, प्रश्न बदलायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मेच्या उन्हात माझा जीव मेटाकुटीला आला होता. मी नुसत्या पाट्या टाकत होतो.

बाईचं घर शेवटी घेतलं. तिने चहा दिला. मी फॉर्म काढून विचारलं, “बाई, तुह्या मालकीची मोहाची झाडं किती?”

ती हसायलाच लागली. “झाड का कोनाच्या मालकीचं रायते, बाबू? येड्यावानी काय विचारून राह्यला?”

मी शून्य लिहिलं. ती वेचते ती दोन झाडं त्या तुकड्याच्या अगदी मधोमध होती. तिचं वर्षाचं औषधपाणी त्या फुलांवर निघायचं. शेऱ्याच्या रकान्यात खुलासा लिहू, असं मनाशी म्हटलं. ऑफिसात परतलो तर पुढच्या गावाची घाई, आणि ते राहून गेलं. राहून गेलं म्हणणंही खोटं आहे. मी कंटाळा केला.

सगळ्या गावाचं शून्यच आलं. अहवालात ओळ पडली, ‘गावाला कसलाही तोटा नाही.’ फायद्याची बाजू भरगच्च, आणि तीही खोटी नव्हती. नळ आला, दिवे आले, बाईच्या सुनेला राखणदाराची नोकरी लागली. तिच्या स्वतःच्या नावावर पहिल्यांदाच पगार जमा होऊ लागला. बाई गावभर सांगत होती, भावानंच फॉर्म भरला आहे, आपला पास येईलच.

कुंपण झाल्यावरचा हा पहिलाच हंगाम. मोह गळायला लागल्यावर मी गावी गेलो आणि पहाटे बाईसोबत निघालो. फाटकावर खाकी घालून सूनच उभी होती.

“आत्याबाई, पास नसन त मले सोडता येत नाई. माही नोकरी जाईन,” ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

आत झाडाखाली फुलांचा सडा पडलेला दिसत होता. दोन चितळं खुशाल खात होती. मला वाटलं बाई आता तोंड सोडेल. पण ती एवढंच म्हणाली, “नको सोडू. तुह्या नोकरीले काही नको व्हाले.” मग माझ्याकडे वळली. “माहा पास काऊन नाई आला, बाबू?”

मी सगळं सांगितलं. छापलेला प्रश्न, तिचं हसणं, शून्य, माझा कंटाळा. सांगताना मला स्वतःची शिसारी आली. ऐकून तिने विचारलं,

“ते दोन झाडं कोन वेचते, तुले मालूम नोहोतं?”

“मालूम होतं, बाई.”

“मंग मले विचारलं काऊन?”