चकलीसाठी बत्तीस प्रश्न

मला कुत्री आवडत नाहीत, आणि हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. (चकली कुत्री नव्हती, चकली होती. यावर वाद नको.)

शेपटीला वेटोळं, म्हणून नाव चकली. दिल्लीत मुनिरक्याच्या गल्लीत स्कूटरखाली येऊन तिचा पाय मोडला होता. भटकी कुत्री वाचवणाऱ्या एका मुलीने तिला आमच्या सरकारी क्वार्टरवर आणलं. नवं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, याला म्हणे फॉस्टर म्हणतात. फक्त पंधरा दिवस! मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आहे, तात्पुरतं म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. पंधरा-पंधरा दिवसांच्या मुदतवाढी देत मी पाच महिने काढले. (मुदतवाढ कोणी मागितली नव्हती.)

मग त्या मुलीने कळवलं की पानिपतचं एक कुटुंब चकलीला न्यायला तयार आहे. अकोल्याहून सासूबाईंचा फोन आला होता, त्यांच्या कानावर घातलं.

"पानिपतला? आपलं कोणी तिकडून धड परत आलंय का?"

माझा नवरा सुधीर समजावत होता की आई, आता हायवेने दोन तासांत पोचता येतं. पण बावीस वर्षांच्या संसारात मला सासूबाईंचं म्हणणं पहिल्यांदाच शंभर टक्के पटलं.

आता नुसतं नाही कसं म्हणणार? नकाराला कारण लागतं, आणि कारण नसलं की आमच्या ऑफिसात फॉर्म काढतात. मी बत्तीस प्रश्नांचा काढला. पात्रता निकष, अनिवार्य आणि ऐच्छिक, प्रत्येकाला एक गुण. यातून कोणी सुटून दाखवावंच!

रविवारी पानिपतहून मलिकजी, त्यांची बायको आणि दहा वर्षांची मुलगी आली. मी चहा दिला आणि फाइल उघडली. घर कितव्या मजल्यावर? तळमजला. अंगण? पुढे एक, मागे एक. दिवसभर घरी कोण? मलिकजींची आई आणि बायको. जनावरांचा डॉक्टर? सख्खा मेहुणा, शेजारीच राहतो. माझं डोकं तापायला लागलं. दुखऱ्या पायाचं थंडीत काय, असं मी जवळजवळ दरडावून विचारलं, तर बाईंनी पिशवीतून चकलीच्या मापाने शिवलेला, कापूस भरलेला कोट काढला. फटाके वाजले की काय करणार?

"मैं इसके साथ पलंग के नीचे बैठूँगी," मुलगी म्हणाली.

आता एकच प्रश्न उरला होता, कुत्र्याची पसंती. मी मोठ्या आशेने चकलीकडे पाहिलं. ती त्या पोरीच्या बुटावर हनुवटी टेकून झोपली होती. माझ्याजवळ यायला बाईसाहेबांनी तीन आठवडे घेतले होते. फितूर कुठली!

मलिकजींनी फॉर्म हातात घेऊन कौतुकाने वाचला. दिल्लीत सगळ्यांकडून हा भरून घेतात, असाच त्यांचा भाबडा समज झाला होता.

"बहुत अच्छा फॉर्म है, मॅडम. आपके कितने नंबर आए थे?"

सुधीरला ठसका लागला. मी पळ काढणाऱ्यांतली नाही. तिथेच पेन काढून, मोठ्याने वाचत, माझा फॉर्म भरला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. अंगण नाही. नऊ ते सहा घराला कुलूप. बदलीची शक्यता? पुढच्याच वर्षी. मलिक कुटुंबाला बत्तीसपैकी बत्तीस, मला नऊ. अनिवार्य निकषांत तर मी साफ आडवी झाले.

मग काय, सही केली. लंगडते म्हणून चकलीला उचलून तीन मजले मीच उतरले. (ती आता मजेत उड्या मारत उतरते, ही माहिती सुधीरने तेव्हा पुरवायची गरज नव्हती.) गाडी गेल्यावर मी रडले. भर पार्किंगमध्ये, वरच्या मजल्यावरच्या अंडर सेक्रेटरींच्या देखत, नाक शिंकरत रडले. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. चकली मला हवी होती, अजूनही हवी आहे.

आजवर मी शेकडो अर्ज नामंजूर केले, एकाचाही फेरविचार केला नाही. या एका अर्जात अर्जदारही मीच होते आणि नामंजूर करणारीही मीच. याविरुद्ध मी अपील करणार म्हणजे करणारच! फक्त अडचण अशी की सुनावणी माझ्याचपुढे होईल, आणि ती बाई किती खडूस आहे हे मला चांगलं माहीत आहे.