वीतभरावरचं भिंग

मुंबईला जायचं तर यादी लागतेच. त्या खेपेच्या यादीत शिवणयंत्राच्या सुया होत्या, मच्छरदाणीचं कापड होतं, यांच्या औषधाच्या बाटल्या होत्या आणि सगळ्यात खाली ‘जवळून फोटो काढायचं भिंग’ असं होतं. ते शेवटचं मी खोडून पुन्हा लिहिलं होतं, आणि पुन्हा खोडून पुन्हा लिहिलं होतं.

रेवदंड्यात आणि आसपासच्या गावांत लग्नाचे फोटो हेच काढायचे. मोठा लाकडी कॅमेरा, माणसाएवढा स्टँड, काळं कापड, सगळं बैलगाडीत घालून जात. मग अर्धांगाचा झटका आला. चालायला लागले, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात उचलला की थरथरे. मोठा कॅमेरा माळ्यावर गेला आणि हे ओटीवर बसले. सकाळी बसवावं तसे संध्याकाळपर्यंत बसत. वाढू का म्हटलं तर वाढ म्हणत, नंतर वाढू का म्हटलं तर नंतर वाढ. भांडण नाही, तक्रार नाही. जवळ मात्र कोणीतरी लागे, कारण एकटं सोडलं की उठायला जात आणि पडत.

वाडीतली शिंपणं, नारळ, घर, यांचं औषध असं सगळं एकट्या माणसाच्या अंगावर पडलं की काय होतं ते मी सांगत बसत नाही. मला दुपारचा एक तास हवा होता. हे स्वतःच्या नादात बसलेत आणि मी वाडीत आहे, एवढंच. डॉक्टर म्हणाले होते, हाताला काम द्या. लग्नं काही ओटीवर येणार नव्हती. पण यांच्याकडे एक घडीचा लहान कॅमेराही होता, आणि ओटीवरून हात पोचेल इतक्या अंतरावर तुळस होती, लिंबाचं झाड होतं, वाशाला कोळिष्टकं होती. तो कॅमेरा तीन फुटांच्या आत काही काढू शकत नाही, पुढे भिंग बसवलं तर काढतो, हे त्यांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं.

माझी जाऊ शेजारच्याच घरात राहते. ती म्हणाली, “भाऊजींना भिंग कशाला? चष्मा आहे की.”

“चष्म्यातून फोटो निघत नाही.”

“निघाला तरी लिंबाच्या पानाचा फोटो घेणार कोण? पान घेतंय का?”

खरी अडचण भिंगाच्या मापाची होती. कॅमेरा मुंबईला न्यायचा नव्हता. तो दिसला नाही की हे अस्वस्थ होत, आणि अस्वस्थ होण्याइतकंही बळ यांच्यात कुठे होतं. आमच्याकडे दुसऱ्या कुणासाठी बांगड्या आणायच्या तर मापाला तिची जुनी बांगडी नेतात. मी तेच केलं. दुपारी यांचा डोळा लागल्यावर जावेला जवळ बसवलं, कॅमेरा पिशवीत घालून बाजारात कासाराकडे गेले आणि जिच्यावर भिंग बसणार ती पुढची नळी त्याच्यासमोर धरली.

त्याने बारशाच्या बांगड्या काढल्या, एकेक चढवून पाहिली. “वहिनी, हिचा हात फार कडक आहे हो. दाबला तरी लहान होत नाही.” शेवटी एक अलगद पण घट्ट बसली. “हिरव्या नेताय का? डझनावर देतो.”

“एकच द्या. आणि कुणाला सांगू नका.”

संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं होतं.

यांना जावेवर सोपवून निघाले. एस.टी.ने अलिबाग, पुढे रेवस, तिथून लाँच, भाऊचा धक्का. लाँच लागते मला, त्यामुळे फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात पोचले तेव्हा डोकं गरगरत होतं. आधी बाकीची यादी उरकली होती तरी ते थांबलं नव्हतं. दुकानदाराने ती बांगडी बोटावर फिरवली, माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टीने माप घेतलं. बाहेरून माल येणं कठीण झालं होतं, म्हणाला, आहे त्यातलंच निवडा. त्याने एक जुना, भात्याचा मोठा कॅमेरा दाखवला. फार जवळून काढतो, म्हणाला. मी तो डाव्या हाताने उचलून लांब धरला, कारण यांनाही डाव्यानेच धरावा लागणार होता. दंड भरून आला. खाली ठेवला.

मग दोन भिंगं आली. दोन्ही रुपयाएवढी, खिशात मावतील अशी, कॅमेऱ्याच्या नळीवर टोपणासारखी बसणारी. किंमत सारखीच. एक सौम्य, त्याने हातभर अंतरावरून फोटो निघे. दुसरं जास्त ताकदीचं, त्याने वीतभरावरून.

“घरात काढायचेत ना, बाई? सौम्य घ्या,” तो म्हणाला.

आमच्या किनाऱ्यावरची रीत अशी की मुंबईहून आणायची वस्तू पुन्हा आणायला लागू नये अशी आणायची. दोर जाड, सतरंजी मोठी, पोरांचे सदरे दोन वर्षं पुढचे. मी ताकदीचं घेतलं.

घरी यांनी भिंगाच्या डबीतला कागद वाचला. बराच वेळ वाचला.

“दुसरं नव्हतं?”

“होतं. पण हे जास्त ताकदीचं.”

“अगं, तपकीर आहे का ती, कडक बघून आणायला?”

कित्येक महिन्यांत त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. तिचं कौतुक करायला मला त्राण नव्हतं. ते म्हणत होते ते दुसऱ्या दिवशी कळलं. वीतभरावर हाताची थरथर दिसतेच, वाराही दिसतो. अंतर बोटभर चुकलं की चित्र पुसट. मोठा स्टँड उभ्या माणसांसाठी होता, पानापर्यंत तो वाकत नव्हता. हातभर अंतरावरून त्यांनी कदाचित एकट्याने निभावलं असतं.

मग मी कागदावरच्या अंतराएवढी बांबूची काडी कापली. पाटावर धान्य मोजायची पायली पालथी घातली, पायलीवर कॅमेरा ठेवला. काडी एका टोकाने भिंगाच्या कडेला लावायची, दुसऱ्या टोकाशी लिंबाची फांदी आणायची, काडी काढून घ्यायची आणि फांदी तशीच धरून बसायचं. पानावर हिरवी अळी होती. ते डाव्या हाताने कळ दाबणार होते. फांदी धरणारं माणूस दुसरं कोण असणार?

“हलू नकोस.”

“मी नाही हलत. अळी हलतेय.”

“मग तिला खाऊ दे. थांब.”

आम्ही थांबलो. चुलीवर आमटी आटत होती, तिचा वास येत होता. कमरेत कळ आली. अळीने पानाची कड खाऊन संपवली तेव्हा कुठे त्यांनी कळ दाबली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “आज जमणार नाही. खोबरं वाळत घातलंय, वाडीत गडी आलेत.”

“आज ती कोष करील.”

“उद्या कोष काढा.”

“करताना काढायचाय. झाल्यावर नाही.”

“अहो, मला दुपारी एक तास मिळत नाही.”

“मग चारला ये. उजेड असतो तोवर.”

“चारला गडी जातात, त्यांच्याशी बोलायचं असतं.”

“साडेचार,” ते म्हणाले. आवाज चढलेला होता. डाव्या हाताने त्यांनी पायली स्वतःकडे ओढून घेतली होती.

मी वाडीत गेले, गड्यांना कामं सांगितली. जावेला म्हटलं, खोबरं उचलायचं तू बघ. ती म्हणाली, “हवा होता तो तास मिळाला वाटतं तुला?”

“नाही,” म्हटलं, “अजून एक गेला.” आणि काडी घेऊन ओटीवर आले.