लांबच्या वाटेचा गूळ

सोपानमामा भीमेपलीकडचे, वडगाव रासाईचे. दौंडच्या अंगाला असलेल्या आमच्या गुऱ्हाळावर ते गुळव्या; म्हणजे रसाची काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांत त्याची गोळी वळायची आणि ओरडायचं, "उचला!" त्या शब्दापुढं माझे सासरेही कधी बोलले नाहीत.

गुऱ्हाळावरून कुणी कोरड्या तोंडानं जायचं नाही, ही इकडची रीत. पहिला गरम गोळा मामा वाटेवरच्या माणसाला देत आणि त्याचं तोंड बघत उभे राहत. बहुतेकदा ते तोंड चांगुणाबाईंचं. शेळ्या घेऊन त्या नेमक्या त्याच वेळी "सहज" उगवत.

आमचा गूळ न्हावाशेव्याहून जहाजानं इंग्लंडला जातो. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. गूळ कंटेनरमध्ये जास्त दिवस कोंडून राहिला, पाझरला, कागदाला चिकटला. तिकडून फोटो आले. निर्यातवाल्यानं माझ्या यजमानांना बजावलं, कडक गूळ द्या, नाहीतर दुसरीकडून घेतो.

"मामा, पाक अजून चढू द्या," हे म्हणाले.

"नवनाथा, करपंल की रं."

"करपू दे थोडा. पोचला तर पाहिजे!"

मामांनी गोळी वळली. झाली होती. ओरडायला तोंड उघडलं, पण हे मान हलवत होते. मधासारखा पाक विटेच्या रंगावर गेला, तेव्हा मामा हळूच म्हणाले, "उचला."

चांगुणाबाईंनी गोळा तोंडात टाकला आणि थुंकला. "अगं बया! सोपानराव, डोळं गेलं का नाक?"

निर्यातवाल्याला मात्र नमुना पसंत पडला. सगळा माल असाच हवा, म्हणाला.

मामा माझ्याकडं आले. "सूनबाई, येक काहील माझ्या हातची ऱ्हाऊ द्या. वाटंवरच्यांसाठी."

मी यांना विचारलं. "ऑर्डरलाच ऊस पुरेना, तिथं वाटंवरच्यांचं काय घेऊन बसलीस?" हे म्हणाले. खोटं नव्हतं तेही.

आता चांगुणाबाईंनी हात पुढं केला की मामा सांगतात, "ह्यो आपल्या खायचा न्हाई."

परवा मी चहा घेऊन गेले, तर काहील खदखदत होती. पाण्याची वाटी बाजूला कोरडीच. मामा हात बांधून उभे.

"उचलू का, मालक?" त्यांनी विचारलं.

हे फोनवरून वर बघत गडबडले. पाकातलं यांना काय कळतंय? पाक चढतच राहिला.