मामाच्या गाडीचा चेसी नंबर

मी लाल बसवर कंडक्टर आहे, अमरावती–अकोला मार्गावर. माझा स्वभाव तिखट आहे असं डेपोत म्हणतात. म्हणू देत. आधार कार्ड दाखवल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या चुलत सासऱ्यांनाही ज्येष्ठांचं तिकीट दिलं नव्हतं. ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. अशी मी, आणि पोटच्या पोरीसाठी जुनी गाडी ठरवताना मी एका शब्दानं काही विचारलं नाही. कारण गाडी माझ्या दादाची होती.

पोरगी बार्शीटाकळीच्या पुढं एका आरोग्य उपकेंद्रावर नोकरीला आहे. राहते अकोल्यात, भाड्याच्या खोलीत. जावई नागपूरला. ती रोज स्कूटीवर जायची-यायची. पाचवा महिना लागला तसं डॉक्टरांनी स्कूटी बंद करायला सांगितलं, कारण आतल्या गावांचे रस्ते असे की धडधाकट माणसाचंही कंबरडं मोडावं. रजा टाक म्हटलं तर म्हणे, रजा बाळ झाल्यावर लागेल, आत्ता संपवून काय करू? तिचंही खरंच होतं. मग अकोल्यातच राहणारा माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचा मामा, म्हणाला की आपली गाडी नाहीतरी दारात उभीच असते, घेऊन जाऊ दे तिला. बाजारभावाच्या निम्म्यात देतो म्हणाला, तेही आम्ही हट्ट धरला म्हणून. नाहीतर फुकटच देत होता.

आमच्यात मामानं भाचीला दिलेली वस्तू पारखून घेत नाहीत. मामानं आणलेल्या लुगड्याची घडी उलटून पाहिली तर माझी आई हातावर चापट मारायची. गाडी म्हणजे काही लुगडं नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. रविवारी विहारासमोर गाडी न्यायची, वंदना घ्यायची, मग दादा रीतसर किल्ली देणार, वहिनी खीर करणार, असं ठरलं होतं. पण लायसन असलं तरी पोरीचा हात बसावा म्हणून दादानं मंगळवारीच किल्ली देऊन टाकली आणि पोरगी त्या दिवसापासून गाडी घेऊन कामावर जायला लागली.

तो शुक्रवार होता. दुपारची ट्रिप घेऊन आम्ही अमरावतीहून निघालो आणि मूर्तिजापूरला दहा मिनिटं थांबलो. माझ्याबरोबर जो ड्रायव्हर असतो, त्याच्यासोबत मी कितीतरी वर्षं ड्यूटी करते आहे. बस हातात घ्यायच्या आधी तो तिच्याभोवती एक चक्कर मारतो, हातातल्या दांडक्यानं प्रत्येक चाकावर ठोका घालतो, वर चढून स्टिअरिंग दोन्हीकडं फिरवून पाहतो. दुसऱ्या ड्रायव्हरनं आत्ताच आणून उभी केलेली असली, गाडी एकदम ओके आहे असं त्यानं सांगितलेलं असलं, तरी. या त्याच्या चकरेपायी आमची पाच मिनिटं जातात आणि मी रोज त्याच्या नावानं बोटं मोडते.

कॅन्टीनच्या बाकावर चहा पिताना मी त्याला गाडीची बातमी दिली. त्यानं मॉडेल विचारलं, कोणत्या सालची ते विचारलं, आणि मग म्हणाला, चेसी नंबर टाकून पाहिला का? मला काही कळेना. त्यानं समजावून सांगितलं की गाडीचा एखादा भाग मुळातच खराब निघाला तर कंपनी तसल्या सगळ्या गाड्या परत बोलावते आणि तो भाग फुकट बदलून देते. त्याला रिकॉल म्हणतात. मालकानं गाडी नेलीच नाही तर काम बाकी राहतं आणि गाडी तशीच विकत-विकत पुढं जाते. चेसी नंबर वेबसाइटवर टाकला की काम झालं की नाही ते दिसतं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, माझ्या भावाची गाडी आहे, चोरबाजारातली नाही. तो चहावर फुंकर मारत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मशीनले भाऊ-बहीण समजत नाही."

मला असा राग आला! रागातच फोन काढला, त्याचं तोंड बंद करायला. विम्यासाठी पोरीनं आरसीचा फोटो मला पाठवलेला होता. त्यातला लांबलचक नंबर एकेक अक्षर बघून टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर पडला. स्क्रीनवर चाक फिरलं आणि वर लाल पट्टी आली. या गाडीचं काम बाकी आहे. स्टिअरिंगची मोटर. चालत्या गाडीत स्टिअरिंग अचानक जड होण्याची शक्यता आहे, गाडी लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला न्यावी.

मी फोन त्याच्यापुढं धरला. तो जिंकल्यासारखा हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. त्यानं फोन घेतला आणि त्या गाडीबद्दल लोकांनी ग्राहक-तक्रारींच्या साइटवर लिहिलेल्या तक्रारी काढून दिल्या. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, लोकांनी ढीगभर लिहिलं होतं. वळणावर स्टिअरिंग एकदम घट्ट झालं. पिवळा दिवा लागतो, गाडी बंद करून परत चालू केली की सगळं ठीक. मेकॅनिक म्हणतो काहीच दोष नाही. कुठल्याशा बाईनं लिहिलं होतं, मी जीव खाऊन फिरवत होते, फिरलंच नाही.

ते वाचलं आणि मी हातातला चहा बाकावर ठेवून दिला. हे वाक्य मी ऐकलेलं होतं. माझ्याच वहिनीच्या तोंडून.

तीन वर्षं झाली. वहिनी मूर्तिजापूरहून बहिणीकडून एकटी परत येत होती, याच गाडीनं. आमच्या घरात तेव्हा चारचाकी चालवणारी ती एकटी बाई. चालवायची काय झोकात, खिडकीची काच खाली करून, डोक्यावर गॉगल. बोरगावच्या अलीकडच्या वळणावर गाडी रस्ता सोडून सरळ शेतात उतरली. वहिनीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मी ड्यूटीवरूनच खाकी कपड्यांत दवाखान्यात गेले होते. ती येईल त्याला तेच सांगत होती, स्टेरिंग फिरलंच नाही. दादा भेटायला येणाऱ्या माणसांना डोळा मारून म्हणायचा की बायांच्या हातात गाडी दिली की असंच होते. मेकॅनिकनं गाडी पाहिली, त्याला काही सापडलं नाही. आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, वहिनी, घाबरल्यावर स्टेरिंग नाही जड होत, हात जड होते. खाटेभोवतीचे सगळे हसले होते आणि मला ते आवडलं होतं. त्यानंतर वहिनीनं गाडीला हात लावला नाही. दादाला मोटारसायकलच सोयीची. गाडी दारात उभी असायची ती यामुळं, आणि आता तिच्यात माझी पोरगी बसली होती.

फोन लावला. उचलला नाही. परत लावला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, वेळ झाली होती. मी बसमध्ये चढले, डबल बेल दिली आणि तिकिटं फाडायला लागले, म्हणजे मशीनवर दाबायला लागले. कुठं जायचं, अकोला, दोन फुल एक हाफ. फोन कानाला. रिंग जाते, उचलत नाही. चालवत असेल. चालवत असेल तर मग फोन वाजवायचा की नाही? उचलायला ती एक हात सोडेल, म्हणून मी बंद केला. मग बंद करून बसवेना, म्हणून पुन्हा लावला. एका आजीला मी मूर्तिजापूरच्याही मागं राहिलेल्या गावाचं तिकीट दिलं, तिनं बिचारीनं परत केलं. एकजण सुट्ट्यावरून हुज्जत घालायला लागला तर मी त्याला सगळे पैसेच परत देऊन टाकले. तो घाबरून गप्प बसला.

मेसेज टाकला, गाडी चालवू नको. एकच टिक. दुसरी येईना. त्या भागात रेंजची बोंबच आहे. जावयाला लावावा तर तो नागपुरात बसून काय करणार, उगाच त्याचाही जीव टांगणीला. दादाला लावला, त्यानं उचलला नाही. दुपारी तो फोन चार्जिंगला लावून झोपतो. बोरगावच्या अलीकडचं ते वळण आलं. मी रोज तिथून चारदा जाते. आता चौपदरी रस्त्यानं ते वळण सरळ झालं आहे, जुना रस्ता बाजूला नुसता पडलेला दिसतो. मी दरवाज्याची दांडी धरून उभी राहिले. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं पाहत होता आणि त्या दिवशी त्यानं बस नेहमीपेक्षा जोरात हाणली.

अकोल्याच्या अलीकडं फोन वाजला. पोरगी. तिची लसीकरणाची गर्दी होती, फोन पर्समध्ये होता. मी तिला इतकं ओरडले की मागच्या सीटवरच्या बाया उठून पाहायला लागल्या. मग सांगितलं.

ती म्हणाली, "आई, बुधवारी तो दिवा लागला होता. मोडीवर वळतानी स्टेरिंग घट्टही झालं होतं. मामाले सांगतलं त ते म्हणे नवा हात हाये, होते असं."

गाडी तिथंच सोड, किल्ली कोणाला देऊ नको, येताना सिस्टरबरोबर ये, असं मी बजावलं. तिनं हो हो केलं.

अकोल्याला बसला परतीला तास-दीड तास असतो. ड्रायव्हर म्हणाला, जा तुम्ही, चार मिनिटं उशीर झाला तरी मी सांभाळतो. मी ऑटो केला आणि खाकी अंगावर तशीच दादाच्या घरी गेले. वाटेत सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या मुलीनं नंबर घेतला, सांगितलं की खरंच काम बाकी आहे, उद्या क्रेन पाठवून गाडी उचलू, पैसे लागणार नाहीत. इतकं साधं काम होतं ते.

दादा नुकताच उठून ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. मी सगळं सांगितलं. आधी तो भडकलाच. म्हणाला, मायाच गाडीची तपासणी करून राहिली का तू? बाहेरच्या माणसाची असती त समजलो असतो.

मी म्हटलं, "बाहेरच्याची असती त मी आधीच पाह्यलं असतं, दादा. तुयी होती म्हणून पाह्यलं नाही."

त्यानं फोन घेऊन चष्मा लावला. ती लाल पट्टी त्यानं बराच वेळ पाहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला की कंपनीचे मेसेज यायचे, दोन-तीनदा फोनही आला, पण त्याला वाटलं सर्व्हिसवाले गिऱ्हाईक गोळा करून राहिले. तो सगळे उडवून टाकायचा. मी त्याला खूप काही ऐकवणार होते. स्टँडवरून ऑटोत बसून शब्दन् शब्द जुळवत आले होते. पण वहिनी पाण्याचा गिलास घेऊन दारात उभी होती आणि तिनं सगळं ऐकलेलं होतं.

तिनं गिलास मला दिला आणि दादाच्या हातातला फोन काढून घेतला. उंबऱ्यावर बसून एकेक तक्रार वाचायला लागली. तिला वाचायला वेळ लागतो, ओळीखालून बोट फिरवते. त्या बाईच्या तक्रारीवर तिचं बोट थांबलं, पुढं गेलं, पुन्हा मागं आलं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटत होतं. नाही आलं.

"बाई," तिनं मला विचारलं, "याच्यात आपल्यालेही लिवता येते का?"

येते म्हटलं. दादा म्हणाला, आता कायले, गाडी त दुरुस्त होऊनच राहिली. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. सरकून मला जागा करून दिली. मी फॉर्म उघडला आणि ती सांगेल तसं टाइप करायला लागले. तिचं नाव, गाव, गाडी कोणती. कधी घडलं, तर तिला तारीख, वार, वेळ, सगळं पाठ. काय घडलं या रकान्यात मी जरा नीट सजवून लिहायला लागले तर म्हणाली, नाही, स्टेरिंग फिरलंच नाही, एवढंच लिवा. मी एवढंच लिहिलं.

शेवटी एक प्रश्न होता. हा दोष तुम्ही यापूर्वी कोणाला कळवला होता का? हो किंवा नाही. मी तो मोठ्यानं वाचला आणि माझा अंगठा तसाच राहिला. वहिनी वाट पाहत होती.

"हो दाबा नं," ती म्हणाली. "कळवलं होतं. दवाखान्यात, तुमालेच."