मापाचं ताट

अंगात ताप नव्हता, हाड मोडलेलं नव्हतं, तरी मी प्लांटच्या दवाखान्यात दीड महिना खाट धरून होतो. साठ सालानंतरची ती वर्षं. भिलाईचा कारखाना अजून उभा राहत होता आणि मी तिथं क्रेन चालवायचो. शेडच्या छताखाली रुळांवरून धावणारी क्रेन, तिची केबिन उंच, आणि वर जायला लोखंडी शिडी. भंडाऱ्याकडच्या गावाहून नवा आलो तेव्हा ती शिडी मी माकडासारखा चढायचो. मग लग्न झालं, क्वार्टर मिळालं, दर महिन्याला पगार आणि बायकोच्या हाताला चव. सगळं अंगी लागलं. अर्ध्या शिडीवर धाप लागू लागली. फोरमन खालून हिंदीत ओरडायचा, आधी तू चढ, पोट मागाहून पाठवून देऊ.

तपासणीत डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. वजन उतरलं नाही तर क्रेन बंद, खाली स्टोअरमध्ये जा. स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत बसायचं माझ्या जिवावर आलं. वरून वितळलेलं लोखंड ओतताना बघायला मला आवडायचं. माझ्या क्रेनला लटकलेली लोखंडाच्या रसाची भरलेली बादली डोक्यावरून जाताना मोठमोठे साहेबसुद्धा बाजूला सरकायचे, तेही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी वजनाचा अभ्यास काढला होता. प्लांटमधल्या जाड माणसांना वॉर्डात ठेवायचं, मापून खायला द्यायचं आणि कुणाचं वजन कसं उतरतं ते बघायचं. ज्याला यायचं त्यानं आपखुशीनं यावं, हजेरी लागेल. मी नाव दिलं. मित्र म्हणाले, मजा आहे बुवा, फुकटचं खा. फुकटचं होतं, पण खायला काही नव्हतं.

केरळची एक सिस्टर रोज आमच्यासमोर तराजूत भात तोलायची. वरण मापाच्या पेल्यानं. ताट ठरल्या वेळेत आणि पूर्ण संपवायचं, शीत उरलं तर तेही तराजूत जायचं. बाहेरचा घास घेतला तर नाव कटणार, ताटातलं टाकलं तरी कटणार. नाव कटलं की डॉक्टरांचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर क्रेन नाही. शेजारच्या खाटेवर दुर्गचा एक कारकून होता. तो दुपारभर दुर्गच्या बाजारातल्या जिलेबीचं वर्णन करायचा. शेवटी मी त्याला सांगितलं, आता तोंड उघडलंस तर त्यात उशी कोंबीन.

तिसऱ्या आठवड्यात माझी माय आली. गावच्या कुणीतरी मला भेटून जाऊन तिला सांगितलं होतं, पोरगा दवाखान्यात आहे, वाळला आहे, खायला देत नाहीत. यात खोटं एक अक्षर नव्हतं. माय पॅसेंजरनं एकटी आली, लाखोळीच्या डाळीचे वडे फडक्यात बांधून. वॉर्डाच्या दारातूनच तिनं मला पाहिलं आणि रडायलाच लागली.

"काऊन रे, एवढा मोठा रोग अन् मले कळवलं बी नाई?"

"रोग नाई माय. अंग जास्त झालं होतं."

"अंग जास्त होते म्हनून कोनी दवाखान्यात जाते काय?"

तिच्या म्हणण्यात चूक नव्हती. आमच्या गावात बारीक होणं म्हणजे क्षय, नाहीतर दुष्काळ. अंगानं भरलेला माणूस देवाच्या कृपेतला. मी सुट्टीत गावी गेलो की माय मला मुद्दाम विहिरीवरच्या वाटेनं फिरवून आणायची, बायांनी बघावं म्हणून.

ती रोज सकाळी येऊन खाटेजवळ बसायची. माझं मापाचं ताट बघायची आणि तोंड फिरवायची. चौथ्या दिवशी बायकोनं हळूच सांगितलं, सासूबाई क्वार्टरमध्ये चहा-पाण्याशिवाय काही घेत नाहीत. पोरगा उपाशी, मी कशी जेवू म्हणतात. माय मुळातच काडीसारखी. मी घाबरलो आणि डॉक्टरांना सांगितलं. भला माणूस. स्टूल ओढून बसले आणि चरबीनं काळजाला काय होतं ते तिला हिंदीत समजावून सांगितलं. माय पदर सावरून मान हलवत राहिली.

ते गेल्यावर म्हणाली, "डाक्टर शहाना हाय. पन त्याच्या मायनं त्याले कधी उपाशी पाह्यलं नसंल."

"अवं माय, जास्तीचंच उतरवून राहिले ना."

"जास्तीचं?" ती एकदम चिडली. "मी नाई खाल्लं ते हाय तुया अंगावर. तेच उतरवून राहिले हे लोक."

लहानपणी भाताचा गंज, म्हणजे पातेलं, खरवडायची वेळ आली की मायला कधीच भूक नसायची. मले नाई लागत, म्हणायची, आणि तो भात माझ्या ताटात यायचा. मी खुशाल खायचो. मला तिचा रागही आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात ताट आलं. सिस्टरची पाठ वळताच मायनं फडकं सोडलं आणि एक वडा पुढं केला.

"एक खा. तू खाल्ला का मी बी जेवीन."

वड्याचा वास नाकात गेला. माझा हात पुढे झालाही होता. एक वडा खाल्ला असता तर माय जेवली असती आणि माझी क्रेन गेली असती. मी हात मागं घेतला आणि ताटही दूर सारलं.

"तू जेव पयले. तू जेवल्याबिगर मी हात लावत नाई."

"असं कुटं असते? पोराच्या आंदी माय जेवते काय?"

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. हा हट्ट तिच्याकडूनच शिकलो होतो. सिस्टर धावत आली आणि घड्याळ दाखवून ओरडू लागली, जल्दी खाओ, टाइम हो गया.

"हे बाई काऊन चिल्लावून राहिली?"

"ताट नाई संपलं तर मायं नाव कटते. मंग क्रेन बी जाते."

मायनं माझ्याकडं पाहिलं, सिस्टरकडं पाहिलं, मग माझ्या भातावर नजर ठेवून खाली फरशीवर बसली. वॉर्डातल्या पुरुषांकडं पाठ केली, पदर पुढं ओढला आणि वडा तोडला. पहिला घास तिला गिळवेना. मग गिळला. मी ताट जवळ घेतलं.

पुढं माझं वजन उतरलं, दाखला मिळाला, क्रेनही मिळाली. पण त्या दिवशी मी भात चावायचं विसरून तिच्या पाठीकडं बघत होतो. एक वडा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला, फडक्यातला चुराही तिनं बोटानं टिपून खाल्ला. माझ्या मायला एवढी भूक लागते, हे मला ठाऊकच नव्हतं.