जमादारणीचं मोठं इंजिन

जमादारणीला पोहता येत नव्हतं. घोट्याच्या वर पाणी लागलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. तरी आमच्या ड्रमांच्या नावेवर हुकूम तिचाच चालायचा. ती माझी बायको. तोंडानं कडक, म्हणून सारा गाव तिला जमादारीण म्हणायचा. मीही म्हणायचो. तिला ते आवडायचं, पण तसं तिनं कधी कबूल केलं नाही.

आमचं गाव जिंतूरकडचं. धरणाचं पाणी मधे आलं आणि निम्म्या गावाची शेतं पलीकडं राहिली. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून मी निळे प्लास्टिकचे ड्रम दोन रांगांत बांधले, वर लोखंडी अँगल आणि फळ्या ठोकल्या, मागं पाच एचपीचं एक जुनं इंजिन लावलं. खुरपायला जाणाऱ्या बाया सकाळी न्यायच्या, दिवस मावळायच्या आत आणायच्या. इंजिन मी चालवायचो, बाया जमादारीण चालवायची. कोण कुठं बसणार, कुणाची पाटी कुठं राहणार, सगळं ती सांगायची. नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईला म्हणायची, "भांडण काठावर ठेव बाई, हितं जागा न्हाई. येताना घेऊन जा."

दुपारनंतर वारं सुटलं की पाचचं इंजिन नुसतं कण्हायचं. एकदा वाऱ्यानं नाव अशी ढकलली की आम्ही खाली बाभळींच्या झाडोऱ्यात जाऊन अडकलो. शेजारची भागीरथा नावेत होती, तिचं अंगावर पिणारं पोर घरी होतं. ती सगळा वेळ पदर तोंडाला लावून रडत होती. त्या संध्याकाळी जमादारीण जेवली नाही.

"लेकरावाल्या बाया माझ्या भरवशावर येत्यात," म्हणाली. "अवो, मोठं इंजिन बघा. न्हाई बघितलं तर मी नाव सोडते. मग बसा वाऱ्याशी कुस्ती करत एकटेच."

मी पंधरा एचपीचं इंजिन आणलं, तेही वापरलेलंच. आम्हाला एवढंच ठाऊक, की विहिरीवरची पाचची मोटार काढून साडेसातची बसवली की पाणी जास्त येतं. इथंही तसंच असेल असं धरलं. इंजिन ज्यावर बसतं ती मागची लोखंडी पट्टी वेल्डरकडून जाड करून घेतली, नटबोल्ट आवळले, रिकामी नाव पाण्यात फिरवून पाहिली. लय पळाली.

दुसऱ्या दिवशी बाया बसल्या आणि खरी गंमत कळाली. आमच्या नावेच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड तारेनं बांधलेला असायचा. तो पाण्याचा देव. देवाकडं पाय कोण करणार? म्हणून पुढचा भाग मोकळा सोडायचा आणि सगळ्यांनी मागं दाटीनं बसायचं, ही पहिल्यापासूनची रीत. पाचच्या इंजिनाला ती खपली. हे इंजिन त्याच्या दुप्पट जड. मी जोर दिला तसं नावेचं तोंड वर उठलं, मागचे ड्रम बुडाले, पाणी फळ्यांवर आलं. पाट्या तरंगायला लागल्या, बाया ओरडायला लागल्या. इंजिन मंद करून मी नाव कशीबशी काठाला आणली.

भागीरथा उडी मारूनच उतरली. "मावशी, उशीर झालेला चालंल. पर बुडायला मी येणार न्हाई." बाकीच्याही तिच्यामागं उतरल्या.

जमादारणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. थरथर कापत होती, पण उतरली नाही. नाव पुढून मागून न्याहाळली आणि मला म्हणाली, "पक्कड द्या."

"कशाला?"

"देवाला उठवायलेय."

बायांनी कानांवर हात ठेवले. "मावशी, कोप हुईल!"

"मागं इंजिनापाशी बसवते. बिघडलं तर हेंच्या आधी त्यालाच इचारीन. अन् तुमी समद्या पुढं व्हा. देवानं जागा दिलीय, बसा पाय पसरून."

देव मागं गेला. मी मागच्या अंगाला दोन ड्रम वाढवले. जमादारीण स्वतः सगळ्यात पुढं जाऊन बसली, डोळे गच्च मिटून. ते बघून भागीरथा चढली, मग बाकीच्या. नाव सपाट राहिली आणि वारं कापत गेली. पलीकडं टेकल्यावर जमादारणीनं एक डोळा उघडला. "आलो व्हय? येवढ्यात?"

मागच्या कापूस वेचणीत, ऐन वाऱ्याच्या दुपारी, ती पलीकडच्या शेतात छाती धरून खाली बसली. नावेत तिला आडवं निजवलं. डोकं मांडीवर घ्यायला फक्त भागीरथा आली. बाकीच्यांना जागा नव्हती, त्या काठावर थांबल्या. मी इंजिनाला सगळा जोर दिला. वारं समोरून होतं, तरी आम्ही लवकर पार झालो. निघतानाच फोन केला होता, म्हणून आमचा मुलगा दत्ता जीप घेऊन उभाच होता. तिला गाडीत घातलं, मीही चढायला लागलो. तिनं माझी बाही धरली.

"तुमी कुठं निघाले? बाया तिकडं हायेत. वारं वाढायलंय. आधी त्यांला आणा."

"अगं, पण..."

"दत्ता हाय की माझ्यापाशी. जावा."

मी गेलो. इंजिन कुठं कमी पडलं नाही. सगळ्या बायांना घेऊन परत फिरलो. काठाला लागलो आणि दत्ताचा फोन आला. जिंतूर यायच्या आधीच ती गेली होती.

बाया एकेक करून उतरत होत्या. समद्या आल्या, एवढं तिला सांगायचं राहिलं.