झालर मात्र साफ आली

“आबा, ह्या डबड्यात आय नाय गावायची!” सुनंदा माझ्या पोलादपूरच्या टीव्हीच्या दुकानात उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे ग्लास घेऊन बाहेर आली. तिचे वडील, कुडपणचे धोंडूआबा, काउंटरवरच्या मशीनवर हात ठेवून उभे होते, नव्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. आणि मी? मी हसत होतो.

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. तुम्ही म्हणाल, हा माणूस, आणि न बोललेलं? खरं आहे. सावित्री नदीच्या पुरात मी टीव्ही डोक्यावर घेऊन महाडपासून दासगावपर्यंत पोहत गेलो आणि वाटेत बातम्या चालूच होत्या, हे ऐकून लोकांनी मला चहा पाजलाय. पण ही गोष्ट ओठाशी आली की मी दुसरीच सांगायला लागतो.

आधी ते मशीन समजून घ्या. त्या काळात सीडीसारख्याच, पण झकास चित्राच्या चकत्यांच्या दोन जाती निघाल्या होत्या — ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. एकीचं मशीन दुसरीला हुंगत नसे. मग कुणीतरी दोन्ही चालवणारं मशीन काढलं, आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्यातलं एक माझ्या गळ्यात मारलं. किंमत ऐकून माझ्या दुकानातली पाल भिंतीवरून खाली पडली होती. एवढे पैसे घालावेत का? उत्तर सोपं होतं. घरात मोठा चपटा टीव्ही हवा, दोन्ही जातींच्या चकत्या हव्यात, मग विचार करावा. महाड-पोलादपुरात तेव्हा असा माणूस एकही नव्हता, मला धरून. शिवाय दोघींपैकी एक जात लवकरच मरणार, हे मला दिसत होतं.

मग आबांना ते कशाला हवं होतं? पारूकाकीसाठी. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मागे फोटो एकच, मतदार ओळखपत्रावरचा — आणि त्या कार्डावर कोण माणसासारखं दिसतं? बाकी ती होती फक्त सुनंदाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, जिची मी पुढे सीडी करून दिली होती. तिथेही घटकाभर, आणि धूसर. ह्या मशीनमध्ये तिचा चेहरा साफ दिसेल का, एवढंच आबांनी विचारलं होतं.

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, आबा, काकींच्या नथीतले मोती मोजाल.

सुनंदा मुंबईत राहणारी, चार दुकानं पाहिलेली. सीडीत जे नाहीच ते मशीन कुठून आणणार, असं तिचं म्हणणं. शब्दन्‌शब्द खरं. मी तिच्यावर अशा तांत्रिक शब्दांचा भडिमार केला की त्यातले निम्मे मलाच ठाऊक नव्हते. मशीनसाठी आबांनी काकीची म्हैस विकली. काकी गेल्यापासून ती म्हैस कुणाला धार काढू देत नव्हती, हे खरं. पण आबा रोज सकाळी तिच्याशी बोलत असत — हेही खरंच.

आता तुम्हाला वाटेल, दुकानदाराने माल खपवला, त्यात लपवायचं काय? तेवढंच असतं तर मी ते मिरवलं असतं. मला भीती वेगळीच होती. सुनंदाने आणखी एक प्रश्न विचारला असता तर? मुळात सीडीतच आई साफ का नाही, असं विचारलं असतं तर?

कारण लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं.

मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई मांडवात थांबत नाही. ती तुळशीला पाणी घालत उभी राहते. आबांनी सकाळीच मला बजावलं होतं, “शेट, ती हितं नसंल. तिकडं जाऊन घ्या तिला.” तुळस मांडवाबाहेर, पंधरा पावलांवर. मी गेलो नाही. मांडवाच्या कडेला दोघा-तिघा वऱ्हाड्यांना मी घाटातल्या वाघाची गोष्ट रंगवत होतो, आणि वाघ नुकताच एसटीत चढला होता — त्याला अर्ध्यावर कसा सोडणार? मी जागेवरूनच कॅमेरा वळवला, लांबची काकी बटणाने जवळ ओढली आणि तोंड पुन्हा वऱ्हाड्यांकडे केलं. कॅमेऱ्याला जे आधी सापडतं ते तो साफ घेतो. मध्ये मांडवाची झालर लोंबत होती. तिच्यावरचे टाके मोजावेत, अशी ती आली. तिच्यामागे तांब्या धरलेली एक जांभळी सावली.

दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली तेव्हाच मला कळलं. सांगितलं? नाही. चित्रावर गुलाबाची फुलं उधळली, बदामाचा आकार फिरवला, आणि देऊन टाकली. पुढे आबा आपल्या जुन्या प्लेअरला दोष देत राहिले, आणि मी देऊ दिला.

मशीन मी स्वतः कुडपणला नेलं. वाडी जमली. टीव्ही जुनाच, पोट सुटलेला. सनई वाजली, अक्षता पडल्या, झालर आली. मागे सावली. आबा उठले, धोतराच्या सोग्याने टीव्हीची काच पुसली, आणि पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावलं. तीन वेळा. मग म्हणालो, टीव्ही जुना आहे, आबा, त्याला मशीन तरी काय करणार. सुनंदाने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ती चुलीकडे गेली.

तीन वर्षांनी मी सांगायचंच म्हणून वर डोंगरात, कुडपणला गेलो. आबा ओटीवर बसले होते. पोलादपूर सोडल्यापासून मी वाक्य जुळवत होतो — मीच, तुळशीपाशी, पंधरा पावलं. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे: मशीन चालतं ना, आबा?

“लाइट असली की चालू ठिवतो,” आबा म्हणाले. “गरम होतं. मांजर बसतं त्याच्यावर.”